साखर कारखान्याचं घड्याळ, टँकरमधला जॅमर आणि बंद पडलेलं लोरान: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातला एक साखर कारखाना गळीत हंगामात बगॅस (उसाचा चोथा) जाळून वीज तयार करतो आणि ११० केव्हीच्या लाइनवरून ग्रिडला विकतो. (कारखाना, पुरवठादार आणि माणसं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.) स्विचयार्डातले रिले (फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडायला लावणारी उपकरणं), डिस्टर्बन्स रेकॉर्डर (फॉल्टच्या वेळचे आलेख टिपणारे) आणि टर्बाइनची नियंत्रण यंत्रणा या सगळ्यांना एकच वेळ मिळावी म्हणून कंट्रोल रूममध्ये जीपीएसवर चालणारं मास्टर क्लॉक बसवलेलं आहे. गच्चीच्या कठड्यावर अँटेना, तिथून खाली कोॲक्स केबल आणि घड्याळातून प्रत्येक पॅनेलला आयआरआयजी-बीची, म्हणजे वेळेचा संकेत नेणारी तार, अशी नेहमीची मांडणी. घड्याळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका लहान इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाने बनवलेलं. बोर्ड, डबा, फर्मवेअर त्यांचं. जीपीएस मॉड्यूल बाहेरून घेतलेलं.

अशा ठिकाणी वेळ किती नेमकी लागते हे कामावर ठरतं. कोणता ब्रेकर आधी उघडला एवढंच पाहायचं असेल तर १ मिलिसेकंद पुरतो. फेझर मोजणी (व्होल्टेज आणि करंटची मात्रा आणि कला, म्हणजे फेज, मोजणं) करायची असेल तर ५० हर्ट्झवर १ टक्का चुकीची मर्यादा सुमारे ३१.८ मायक्रोसेकंदांवर येते, आणि त्यातलाही मोठा हिस्सा इतर चुकांसाठी राखून ठेवावा लागतो. जीपीएसला सिग्नल असेल तर मॉड्यूल शंभर नॅनोसेकंदांच्या आत वेळ देतं, म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी चांगली. सिग्नल गेल्यावर मात्र सगळी भिस्त घड्याळाच्या आतल्या क्रिस्टलवर येते. इथे ०.५ पीपीएमचा (दहा लाखांत अर्धा भाग चुकणारा) टीसीएक्सओ, म्हणजे तापमानाची भरपाई केलेला क्रिस्टल होता. त्याची वेळ वाईटात वाईट स्थितीत सेकंदाला अर्धा मायक्रोसेकंद सरकते. दहा मिनिटांत ३००, आणि रात्रभरात कित्येक हजार मायक्रोसेकंद.

खरेदीच्या कागदात "जीपीएस मास्टर क्लॉक, अचूकता १ मायक्रोसेकंद" एवढंच लिहिलं होतं. सिग्नल गेल्यावर किती तास किती अचूकता हवी, याचा त्यात उल्लेखच नव्हता.

अडचण

एका पहाटे ११० केव्हीच्या लाइनवर फॉल्ट आला आणि दोन्ही बाजूंचे ब्रेकर उघडले. नंतर वीज कंपनीचे इंजिनिअर आणि कारखान्याचे इंजिनिअर नोंदी घेऊन बसले. ग्रिडकडचा रिले ज्या क्षणी जागा झाला, त्याच्या १२ मिलिसेकंद आधी कारखान्याचा रिले जागा झाल्याचं कारखान्याचीच नोंद सांगत होती. कागदावर दोष सरळ कारखान्याच्या पदरात पडत होता, आणि वीज बंद राहिल्याच्या नुकसानीचा हिशोबही त्यावरच अवलंबून होता.

सुटका झाली ती तरंगाकृतींमुळे. दोन्ही डिस्टर्बन्स रेकॉर्डरांनी फॉल्टच्या क्षणीचा व्होल्टेजचा खड्डा टिपला होता. हा खड्डा दोन्हीकडे जवळपास एकाच वेळी दिसतो; काही दहा किलोमीटरच्या लाइनवर तो पोहोचायला फार तर शे-दोनशे मायक्रोसेकंद लागतात. दोन्ही आलेख त्या खड्ड्यावर जुळवले, तर कारखान्याची वेळ २० मिलिसेकंद मागे असल्याचं निघालं. म्हणजे कारखान्याचा रिले खरं तर ग्रिडनंतर ८ मिलिसेकंदांनी जागा झाला होता. वाद मिटला. पण ५० हर्ट्झचा एक पूर्ण आवर्त हरवलेलं घड्याळ तसंच भिंतीवर होतं.

टीसीएक्सओच्या हिशोबाने २० मिलिसेकंद सरकायला सुमारे अकरा तास लागतात. आदल्या संध्याकाळपासून घड्याळ उपग्रहांविना चाललं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. घड्याळाच्या समोरच्या बाजूचा, उपग्रहांशी जुळल्याचं दाखवणारा "लॉक" दिवा विझला असणार. पण तो पॅनेलच्या आतल्या बाजूला होता आणि लॉक सुटल्याचा कॉन्टॅक्ट स्काडाला (कंट्रोल रूमच्या देखरेख यंत्रणेला) जोडलेलाच नव्हता.

शोध

पुरवठादाराने आधी अँटेना बदलला, मग कोॲक्सचे एन-कनेक्टर उघडून ओल तपासली, मग मॉड्यूल बदललं. तीनही वेळा घड्याळ काही दिवस नीट चाललं आणि पुन्हा संध्याकाळी लॉक सुटला. सुटे भाग बदलत बसण्याआधी मॉड्यूलची नोंद उतरवायला हवी होती. ती उतरवली तेव्हा चित्र स्पष्ट झालं. अँटेना खराब असेल तर उपग्रह एकेक करून गळतात आणि आधी क्षितिजाजवळचे जातात. इथे सगळ्या उपग्रहांचा सिग्नल-नॉइज आकडा काही सेकंदांत एकदम ४४-४५ वरून २० च्या खाली कोसळत होता आणि तासन्‌तास तिथेच राहत होता. हे लक्षण जॅमिंगचं, म्हणजे कुणीतरी गोंगाट सोडून सिग्नल बुजवल्याचं.

लॉक सुटल्याच्या वेळा वजनकाट्याच्या रजिस्टरशी ताडून पाहिल्या. इथेनॉल घेऊन जाणारा एक ठरावीक टँकर संध्याकाळी यार्डात आला की तेवढ्यात लॉक जायचा. रात्रपाळीच्या वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, ते टँकरवालं रात्री हितंच झोपतंय. सकाळी नंबर लागला की भरून जातंय."

खात्री करायला टीव्ही ट्यूनरवाला स्वस्त एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा रेडिओ रिसीव्हर), एक पॅच अँटेना आणि लॅपटॉप एवढं पुरलं. डोंगल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, जीपीएसच्या एल-१ पट्ट्यावर, लावला की पडद्यावर ठरावीक अंतराने आडव्या धावणाऱ्या तिरक्या रेघा दिसल्या: करवतीसारखी वर-खाली जाणारी वारंवारता, म्हणजे स्वस्त जॅमरची ओळखीची सही. ११७६.४५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे एल-५ पट्ट्यावर, काहीच नव्हतं. हा दुसरा आकडा पुढे कामी आला.

सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारं ते उपकरण काही मिलिवॅटचंच असतं. टँकर अँटेनापासून सुमारे ६० मीटरवर उभा होता. १० मिलिवॅट धरले तर तेवढ्या अंतरावर सिग्नल उणे ६० डीबीएमच्या आसपास पोहोचतो. जीपीएसचा सिग्नल जमिनीवर उणे १३० डीबीएमच्या आसपास असतो. टँकरच्या केबिनचा पत्रा मध्ये आला तरी जॅमर लाखो पटींनी वरचढ ठरतो. चालकाचा हेतू घड्याळ बिघडवण्याचा नव्हता. ट्रॅकरवर थांबे आणि वळसे दिसले की वाहतूक ठेकेदार पैसे कापायचा, म्हणून त्याने ट्रॅकर आंधळा केला होता. अमेरिकेत नेवार्क विमानतळाशेजारच्या महामार्गावरून जाणाऱ्या एका ट्रकमुळे विमानं उतरवण्याच्या जीपीएस-आधारित यंत्रणेत असाच गोंधळ झाला होता. २०१३ मध्ये तिथल्या नियामकाने त्या चालकाला सुमारे ३२ हजार डॉलरचा दंड सुनावला. आपल्याकडेही सरकारच्या खास परवानगीशिवाय जीपीएस ब्लॉकर वापरणं बेकायदा आहे; दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये तसा खुलासाही केला होता.

पर्याय

कारखान्याने पुरवठादाराकडे एकच मागणी ठेवली: "उपग्रहाशिवाय चालणारं घड्याळ द्या." मागणी रास्त होती. तिचा अर्थ मात्र दोन तऱ्हांनी लावता येत होता, आणि इथेच प्रकरणाला पहिलं वळण लागलं.

पुरवठादाराचे एक सल्लागार, जहाजावर रेडिओ अधिकारी म्हणून आयुष्य गेलेले, त्यांनी लोरानचं, म्हणजे जमिनीवरच्या केंद्रांच्या रेडिओ स्पंदांवरून जागा आणि वेळ काढायच्या जुन्या यंत्रणेचं, नाव काढलं. कल्पना वेडगळ नव्हती. लांब पल्ल्याच्या रेडिओ दिशादर्शनाचा इतिहास म्हणजे आज अडचण ठरलेल्या याच प्रश्नाची जुनी उत्तरं आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची 'जी' (Gee) ही यंत्रणा आणि अमेरिकेची लोरान-ए यांनी दोन केंद्रांकडून येणाऱ्या स्पंदांच्या वेळेतला फरक मोजून जागा काढायची पद्धत रूढ केली. डेक्का या यंत्रणेने त्याच काळात ७० ते १३० किलोहर्ट्झवर अखंड लहरींची कला मोजली, आणि ब्रिटनच्या किनाऱ्यावर ती २००० पर्यंत टिकली. ओमेगा ही यंत्रणा तर १०.२ किलोहर्ट्झवर जगभर आठ केंद्रांनी चालायची. अचूकता काही मैलांची, पण अख्खा महासागर तिच्या पट्ट्यात. ती ३० सप्टेंबर १९९७ ला बंद झाली. या सगळ्यांत सर्वांत कामाची ठरली ती १९५७ पासूनची लोरान-सी.

लोरान-सी १०० किलोहर्ट्झवर चालते. मुख्य केंद्र आणि दोन किंवा जास्त दुय्यम केंद्रं मिळून एक साखळी. प्रत्येक केंद्र एक मिलिसेकंदाच्या अंतराने आठ स्पंद सोडतं. मुख्य केंद्र आठव्यानंतर दोन मिलिसेकंदांनी नववा सोडतं, म्हणजे ते ओळखू येतं. हा गट किती मायक्रोसेकंदांनी पुन्हा येतो त्याला दहाने भागलं की साखळीचा क्रमांक मिळतो. खरी हुशारी स्पंदाच्या आकारात आहे. जमिनीलगत येणारी लहर आधी पोहोचते. आयनोस्फिअरवरून परावर्तित होऊन येणारी लहर किमान ३५ मायक्रोसेकंद उशिरा येते. म्हणून रिसीव्हर स्पंदाच्या सुरुवातीपासून ३० मायक्रोसेकंदांवरच्या सहाव्या शून्य-छेदावर (लहर शून्य ओलांडते त्या क्षणावर) कुलूप लावतो, आकाशलहर येऊन घाण करायच्या आत.

तरंगलांबी ३ किलोमीटर असल्याने टँकरमधून हा सिग्नल बुजवणं जवळजवळ अशक्य आहे. एवढ्याशा अँटेनाने १०० किलोहर्ट्झवर काही बाहेर पडतच नाही. पण त्याच कारणाने प्रक्षेपण केंद्राला साधारण २०० मीटर उंचीचा मास्ट, शेकडो किलोवॅटचं ट्रान्समीटर आणि एकरांनी जागा लागते. रिसीव्हर काही हजारांत होतो; केंद्र मात्र सरकारनेच उभं करायचं आणि चालवायचं.

सुधारित लोरान, म्हणजे ई-लोरान, यात प्रत्येक केंद्र यूटीसीशी (जागतिक प्रमाणवेळेशी) थेट जुळवलेलं असतं आणि स्पंदांवर थोडा डेटाही पाठवला जातो. नीट दुरुस्त्या दिल्या तर बंदराजवळ ८ ते २० मीटर अचूकता मिळते आणि वेळ मायक्रोसेकंदाच्या आत. तंत्र सिद्ध आहे. डगमगतो तो पैसा आणि धोरण. अमेरिकेने ८ फेब्रुवारी २०१० ला लोरान-सी बंद केली. ब्रिटनने २०१४ मध्ये डोव्हरच्या सामुद्रधुनीत ई-लोरानची सेवा सुरू केली. फ्रान्स आणि नॉर्वे यांनी आपली केंद्रं २०१५ च्या अखेरीस बंद केली आणि ती सेवा जागेवरच संपली, उरला तो ब्रिटनमधल्या ॲन्थॉर्न केंद्राचा वेळ-सिग्नल. त्याच ब्रिटनने २०२३ मध्ये राष्ट्रीय आराखड्यात पुन्हा ई-लोरानचा विचार मांडला. अमेरिकेने २०१८ मध्ये जीपीएसला जमिनीवरचा पर्याय हवा असा कायदा केला. रशियाची चायका, चीनच्या साखळ्या आणि उत्तरेकडच्या जॅमिंगला वैतागलेल्या दक्षिण कोरियाचं ई-लोरान, हा पट्टा मात्र टिकून आहे.

भारतातही दोन साखळ्या होत्या. पश्चिमेची ६०४२ क्रमांकाची: धांगध्रा मुख्य, वेरावळ आणि बिलिमोरा दुय्यम. पूर्वेची ५५४३: बालासोर, डायमंड हार्बर आणि पाटपूर. दीपगृह खातं त्या चालवायचं. सल्लागारांच्या डोक्यात हीच पश्चिमेची साखळी होती. बिलिमोरा कोल्हापूरपासून सुमारे ४७० किलोमीटर, वेरावळ ६२०, धांगध्रा ७५५; कागदावर तर अगदी पल्ल्यात.

उरलेले पर्याय कमी रंजक, पण हाताशी होते. चांगलं क्रिस्टल ऑसिलेटर किंवा रुबिडियमचं अणुघड्याळ, म्हणजे सिग्नल गेला तरी घड्याळ स्वतःच्या जोरावर टिकेल. भारताच्या स्वतःच्या उपग्रह दिशादर्शन यंत्रणेचे, म्हणजे नाव्हिकचे, एल-५ आणि एस बँड. वीज कंपनीच्या फायबरवरून पीटीपीने (नेटवर्कवरून घड्याळं जुळवायच्या पद्धतीने) वेळ, जी तत्त्वतः सर्वांत चांगली, पण फायबर दुसऱ्याच्या मालकीचं आणि परवानगीची वाट लांबलचक. आणि सगळ्यांत स्वस्त: अँटेना हलवणं.

दोन जीपीएस घड्याळं लावा, असा एक सल्ला आला होता. तो लगेच बाजूला ठेवला, कारण दोन्ही अँटेना एकाच जॅमरखाली येतात. शिवाय बिघाड वरूनही येतो: २६ जानेवारी २०१६ ला एक जुना उपग्रह निवृत्त करताना जीपीएसच्या यूटीसी दुरुस्तीत सुमारे १३ मायक्रोसेकंदांची चूक गेली आणि जगभरची वेळेची उपकरणं तासन्‌तास चुकली. दोन जीपीएस घड्याळं तेव्हा एकाच सुरात चुकीची वेळ दाखवत राहिली असती.

लोरानच्या रिसीव्हरचा प्रयोग

पुरवठादाराने लोरानचा रिसीव्हर स्वतः करून पाहायचं ठरवलं. काम चांगलं झालं, म्हणून तपशील देतो. कुणाला ही वारंवारता ऐकायची असेल तर उपयोगी पडेल.

एक मीटर बाजूच्या चौकोनी लाकडी चौकटीवर एनॅमल तारेचे ३० वेढे घेतले. इंडक्टन्स चारेक मिलिहेन्री आली. १०० किलोहर्ट्झवर रेझोनन्ससाठी सुमारे ६३० पिकोफॅरड लागतात. तारेचं स्वतःचं कपॅसिटन्स वजा केल्यावर बाहेरून ४७० लावून बाकी ट्रिमरने जुळवलं. इथे मध्यम लहरींच्या रेडिओची सवय घात करते. तिथे लूपचा क्यू (रेझोनन्सचा टोकदारपणा) जितका जास्त तितकं बरं. लोरानला ९० ते ११० असा २० किलोहर्ट्झचा पट्टा हवा, म्हणजे क्यू ५ च्या वर नको. क्यू ५० ठेवला तर स्पंदाचा चढ पसरतो, ३० मायक्रोसेकंदांची जागा सापडत नाही आणि रिसीव्हर एकेक आवर्त, म्हणजे १०-१० मायक्रोसेकंद चुकतो. म्हणून समांतर १२ किलोओहमचा रेझिस्टर टाकून लूप मुद्दाम मंद केला.

दुसरी अडचण नमुने घेण्याची. आधी १९२ किलोहर्ट्झची साउंड कार्ड वापरायचं ठरलं होतं. ती ९६ किलोहर्ट्झपर्यंतच ऐकते. १०० तिच्या पल्ल्याबाहेर. शेवटी मायक्रोकंट्रोलरच्या १२ बिट एडीसीने (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाने) सेकंदाला ५ लाख नमुने घेतले. ते ६०,४२० मायक्रोसेकंदांच्या तुकड्यांत कापून, कलेचा संकेत गुणून एकावर एक रचले की एका मिनिटात सुमारे हजार तुकड्यांची सरासरी होते आणि गोंगाट ३० डेसिबलने खाली जातो.

गोकुळ शिरगावात तरीही काही दिसेना. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी उपकरणं) यांचं स्विचिंग नेमकं या पट्ट्यात कचरा टाकतं. जवळपासच्या फौंड्रीतली इंडक्शन भट्टी चालू झाली की पडदा भरून जायचा. वीज गेली की मात्र गोंगाट एकदम खाली. म्हणून चौकट गाडीत टाकून पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर नेली, सगळं बॅटरीवर. रिसीव्हर जिवंत आहे हे तपासायला समांतर कपॅसिटर काढून १८.२ किलोहर्ट्झ पाहिलं: तमिळनाडूतल्या विजयनारायणम् इथल्या नौदलाच्या केंद्राचा सिग्नल, सुमारे हजार किलोमीटरवरून, ठळक रेघ. लूप ठीक, ॲम्प्लिफायर ठीक, नमुने ठीक. १०० किलोहर्ट्झवर ६०४२ ची घडी घातली, म्हणजे त्या साखळीच्या अंतराने तुकडे एकावर एक रचले. कोरी. ५५४३ ची घातली. तीही कोरी.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. भारतातल्या दोन्ही साखळ्या बंद झाल्या आहेत. किनाऱ्यावर त्यांची जागा डीजीपीएसने घेतली, आणि डीजीपीएस मुळात जीपीएसच्याच दुरुस्त्या देतं. ही गोष्ट एका फोनवर कळली असती.

दूरच्या साखळ्यांचं काय, हा प्रश्न त्यानंतर पुढे आला. दक्षिण चीनच्या ६७८० साखळीतलं चोंगझुओ कोल्हापूरपासून साडेतीन हजार किलोमीटरवर आहे. तेवढ्या जमिनीवरून भूलहर उरत नाही. रात्री आकाशलहर कधीतरी ऐकू आली तरी परावर्तनाची उंची दिवसा ७० आणि रात्री ९० किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे वेळ कित्येक मायक्रोसेकंदांनी हलते. सांगली-कोल्हापूरच्या ग्रिडला ती काय कामाची? आणि दुसऱ्या देशाचा, न सांगता बंद होऊ शकणारा सिग्नल संरक्षण यंत्रणेत घ्यायचा का, हे विचारायचीही गरज पडली नाही.

निर्णय आणि काम

इथे दुसरं वळण. मागणीचा दुसरा अर्थ घेतला: उपग्रह नसताना कायम चालणारं नव्हे, तर उपग्रह गेल्यावर एक पूर्ण दिवस टिकणारं घड्याळ. रुबिडियमवर चर्चा झाली. त्याची वेळ दिवसाला एखादा मायक्रोसेकंद सरकते, पण किंमत लाखाच्या घरात जाते आणि त्याच्या दिव्याचं आयुष्य मोजकं. ओव्हनवाला क्रिस्टल, ओसीएक्सओ, वारंवारतेत १०^-१० इतका नेमका धरला तर दिवसाला ८.६ मायक्रोसेकंद, आणि वयानुसार दर दिवशी तेवढाच बदल धरला तर आणखी ४.३. म्हणजे तेरा. ३१.८ च्या आत, तेही स्वस्तात. रुबिडियम सोडून दिलं.

प्रत्यक्षात बदल असे झाले. अँटेना यार्डाकडच्या कठड्यावरून काढून जिन्याच्या खोलीच्या मागच्या बाजूला, बॉयलर हाऊसच्या दिशेने हलवला. अंतर ६० वरून १५० मीटर झालं, त्याचे ८ डेसिबल. पण खरा फायदा मधल्या काँक्रीटच्या भिंतीचा. दक्षिणेचं आकाश उघडं राहील एवढं पाहिलं, कारण नाव्हिकचे भूस्थिर उपग्रह कोल्हापुरातून दक्षिणेच्या बाजूला दिसतात.

मॉड्यूल जीपीएस आणि नाव्हिकचं, एल-१ आणि एल-५ दोन्ही ऐकणारं घेतलं. जागा एकदा मोजून पक्की केली की असं मॉड्यूल एका उपग्रहावरही वेळ देतं. ही सेटिंग बहुतेक ठिकाणी कारखान्यातून बंद येते, ती चालू केली. एकट्या नाव्हिकवर भरवसा ठेवायचा का, यावर मतभेद होते. नाव्हिकच्या पहिल्या पिढीत काही उपग्रहांची आयात केलेली रुबिडियम घड्याळं बिघडली. एनव्हीएस-०१ (२०२३) मध्ये देशी घड्याळ गेलं, पण जानेवारी २०२५ चा एनव्हीएस-०२ ठरल्या कक्षेत पोहोचला नाही. म्हणून नाव्हिक जोडीला, एकटा नाही.

लॉक सुटल्याचा कॉन्टॅक्ट ६० सेकंदांच्या विलंबाने स्काडाला जोडला. आयआरआयजी-बीतले वेळेच्या गुणवत्तेचे बिट चालू केले, म्हणजे घड्याळ भटकायला लागलं की रिले आपल्या नोंदीवर तसं लिहितो. पूर्वीच्या वादात एवढा एक शिक्का असता तर १२ मिलिसेकंद कुणी गंभीरपणे घेतलेच नसते.

टँकरचा रात्रीचा थांबा गेटबाहेर हलवला. उपकरण पोलिसांकडे दिलं आणि ठेकेदाराला लेखी कळवलं. ठेकेदाराशी बोलताना दंडाच्या पद्धतीवरही चर्चा झाली. रांगेत थांबलेला वेळ चालकाच्या नावावर टाकणं थांबलं नाही तर नवा जॅमर स्वस्तात पुन्हा येतो.

जप्त झालेलं उपकरण चालवून नवी मांडणी तपासू, अशी सूचना आली होती. ती नाकारली, कारण तेही बेकायदाच ठरतं आणि शेजारून जाणाऱ्या वाहनांना त्रास होतो तो वेगळा. त्याऐवजी सिग्नल जनरेटर कम्बाइनरमधून थेट कोॲक्समध्ये सोडला. हवेत काही गेलं नाही. ओसीएक्सओची चाचणी तर साधीच: आठवडाभर लॉकवर ठेवून क्रिस्टल वयानुसार किती सरकतो ते घड्याळाला शिकू दिलं, मग अँटेनाचा कनेक्टर काढला आणि दुसऱ्या इमारतीतल्या जीपीएसच्या १ पीपीएसशी (दर सेकंदाला येणाऱ्या एका स्पंदाशी) काउंटरवर फरक मोजत राहिले.

निकाल

एका दिवसाअखेर फरक ९ मायक्रोसेकंद आला. पुढच्या चाचणीत तो १९ झाला. त्या रात्री कंट्रोल रूमचा एसी बंद पडला होता आणि घड्याळाच्या खालच्या रॅकमध्ये यूपीएस तापत होता. ओव्हन असला तरी ओसीएक्सओला भोवतालच्या तापमानातला सावकाश बदल जाणवतोच. घड्याळ वरच्या रॅकमध्ये हलवल्यावर आकडा परत दहाच्या आसपास आला.

पुढच्या हंगामात एल-१ चा सिग्नल-नॉइज आकडा काही वेळा खाली गेला, बहुतेक वेळा वजनकाट्यावरून वाहन जाताना, मिनिटभरासाठी. एल-५ तेव्हा टिकला आणि लॉक सुटला नाही. तो टँकर नव्हता. कुठल्यातरी ट्रॅक्टरचा किंवा ट्रकचा जॅमर असावा. महामार्गाजवळच्या कुठल्याही घड्याळाने हे गृहीतच धरावं.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत महाग चूक लोरानचा रिसीव्हर बनवणं नव्हे, तर तो प्रश्न उलटीकडून सुरू करणं ही होती. पहिला फोन दीपगृह खात्याला किंवा किनाऱ्यावरच्या ओळखीच्या रेडिओ तंत्रज्ञाला जायला हवा होता: "साखळी चालू आहे का?" त्याच्या उत्तरावर लूप, एडीसी आणि मसाई पठार सगळंच वाचलं असतं.

दुसरी चूक: तीन वेळा भाग बदलले, पण मॉड्यूलची नोंद चौथ्या वेळी उतरवली. रिसीव्हर उपग्रहांचे आकडे आणि एजीसी (तो सिग्नल आपोआप किती वाढवतो ते) दोन्ही देतो. एजीसी खाली गेली आणि आकडेही पडले तर जॅमिंग; एजीसी खाली न जाता आकडे पडले तर केबल किंवा अँटेना. ही ओळख पटायला पाच मिनिटं लागतात.

खरेदीच्या कागदात आता "सिग्नल गेल्यावर २४ तासांत २० मायक्रोसेकंदांच्या आत, कंट्रोल रूमच्या तापमानातल्या चढ-उतारांसह" अशी ओळ घातली आहे. तापमान लिहिलं नाही तर पुरवठादार आपल्या वातानुकूलित प्रयोगशाळेतला आकडा देतो.

नव्या बोर्डावर बाहेरून १ पीपीएस घ्यायचं एक इनपुट राखून ठेवलं आहे, प्राधान्यक्रमात जीपीएस-नाव्हिकनंतर आणि ओसीएक्सओच्या आधी. आज तिथे काही जोडलेलं नाही. वीज कंपनीच्या फायबरवरून पीटीपी आली तर ती तिथे लागेल. देशात कधी ई-लोरान उभं राहिलं तर त्याचा रिसीव्हरही तिथेच बसेल. पण त्यासाठी पश्चिम घाटावरून येणाऱ्या मार्गाची विलंब-दुरुस्ती आधी मोजावी लागेल. समुद्रावरून येणारी भूलहर आणि दख्खनच्या बेसाल्टवरून येणारी भूलहर यांच्या वेगात फरक पडतो, आणि शेकडो किलोमीटरमध्ये तो काही मायक्रोसेकंदांवर जातो. फर्मवेअरमध्ये त्या दुरुस्तीसाठी एक स्थिरांक ठेवला आहे. सध्या त्याची किंमत शून्य आहे.